कापसाच्या खोलीतली खाट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही, एवढं कारण मला पुरत होतं. आता बायको नाही. पण तिच्याबद्दल गावात एक खोटी गोष्ट अजून चालू आहे, आणि ती माझ्या तोंडून निघालेली आहे.

आमच्याकडे, जैनथच्या बाजूला, वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात. एक खोली आढ्यापर्यंत भरते आणि घरातला एक पुरुष तिथे खाट टाकून राखणीला झोपतो. एका बिडीने वर्षाची मेहनत जाते. पंचावन्नच्या पुढे गेल्यावर ही रीत माझ्या कामी आली. बायकोजवळ जायची इच्छाच मरत चालली होती, आणि कधी झालीच तर शरीर साथ देत नव्हतं. शेत बटईने दिलेलं, नांगरट ट्रॅक्टरची. मी दिवसभर बसस्टँडवर बसायचो, संध्याकाळी ताडीसारखी शिंदी प्यायचो. पोट सुटलं होतं, झोप धड लागत नव्हती. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. तिच्यासमोर लाज वाटते, एवढंच कळत होतं. म्हणून कापूस घरात आला की मी खाट हलवायचो.

एका वर्षी भाव आला, सगळ्यांनी कापूस विकायला काढला. मी नाही काढला. ऊन तापलं, अंगाला खाज सुटली, तरी मी त्याच खोलीत. सकाळी अंगणात आलो की ती जवळ यायची आणि माझ्या सदऱ्याला चिकटलेले कापसाचे पुंजके एकेक करून वेचायची.

"सरकीले कोंब फुटतील आता," एकदा म्हणाली. "किती दिवस राखता?"

"भाव चढून राह्यला."

"तुमाले पाहून चढते का तो?"

मी हसलो नाही. तीही नाही.

वैशाखात एका लग्नासाठी माझी थोरली बहीण आली. तिने खाट पाहिली आणि सरळ विचारलं, "काऊन रे, अजून इथंच? भांडण झालं का?"

तब्येत बरी नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "तिलेच माया नाही राह्यली, बाई. जवळ बसू देत नाही."

बायको दारात चहा घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवला आणि आत गेली.

बहिणीच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्याच लग्नात हळदीला बायकांनी माझ्या बायकोला घेरलं. "नवऱ्याले कापसात काऊन झोपवतं वो? एवढा का जड झाला?" सगळ्या हसल्या. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. ती हळद कालवत राहिली.

पुढच्याच महिन्यात ती मुलीच्या बाळंतपणाला बेल्लमपल्लीला गेली. जावई खाणीत कामाला, दोन खोल्यांचं क्वार्टर. दोन महिन्यांसाठी गेली ती तिथेच राहिली. ती गेली त्या आठवड्यात मी कापूस विकला. आता लपायचं कोणापासून?

त्यानंतरच्या हिवाळ्यात थकव्यासाठी म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन वयाबरोबर हळूहळू उतरतं, म्हणाले. पोट, दारू आणि अपुरी झोप त्याला आणखी खाली ओढतात. "पहले ये सब ठीक करो, पटेल. इंजेक्शन का बाद में देखेंगे." इतक्या साध्या आवाजात बोलले, जणू चष्म्याचा नंबर सांगत होते. हीच गोष्ट मी तिच्यापासून चोरून ठेवली होती.

शिंदी सोडली. पहाटे पैनगंगेच्या दिशेने चालत जाऊ लागलो. विहिरीचं पाणी मोटरीऐवजी बादलीने ओढू लागलो, खताच्या टोपल्या स्वतः उचलू लागलो. भाताऐवजी ज्वारीची भाकर, फोडणीचं वरण, नऊला अंथरूण. पट्टा तीन भोकं आत आला. पुन्हा रक्त तपासलं तर आकडा वर सरकला होता. तरुण झालो नाही, पण झोप लागू लागली, आणि कधी पहाटे बायकोची आठवण नुसती आठवण म्हणून येत नसे. रिकाम्या घरात त्याचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारण्यासारखं नव्हतं.

तो तपासणीचा कागद खिशात घालून मी बेल्लमपल्लीला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवत होतो. तिने मला वरखाली पाहिलं.

"वाळले की हो."

"चालतो आता रोज. शिंदी सोडली."

"माह्या मागं चांगले शहाणे झाले." तिने ताटात आणखी एक भाकर टाकली.

मुलगी आत नातीला निजवत होती. बोलायची वेळ होती. माझा हात खिशातल्या कागदावर होता.

"कापूस विकला," मी म्हणालो.

तिने वरण वाढलं. "मंग आता कुठं झोपता?"

"आपल्या खोलीत."

"बरं."

निघताना तिने माझा खांदा झटकला. तिथे काही नव्हतं. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणून मी बसमध्ये चढलो.

पुढची खेप तिच्या मातीची झाली. ताप चढला आणि चार दिवसांत गेली. तेराव्याला बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काही म्हण भाऊ, तिनं तुले सुख नाही दिलं." मी मान खाली घालून बसलो. माझ्या मौनाला लोक दुःख समजले.

बहिणीला हे सारं मी वाचून दाखवणार आहे. बसमध्ये जुळवलेलं वाक्य मात्र तिच्यासाठी नव्हतं. ते असं होतं: तुयं काही चुकलं नव्हतं. माह्यंच आंग साथ देत नव्हतं, अन् लाजेपायी मी तुयं नाव घेतलं. चुकलो मी. मले माफ कर.