अंगणातला पहाड

जगात जे जे म्हणून हलतं, चालतं किंवा आवाज करतं, ते सगळं मुळात बैलच आहे, अशी आमच्या घरमालकीणबाईंची पक्की समजूत होती. नागपुरात आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, तेव्हाची, म्हणजे सत्तर सालच्या आगेमागेची ही गोष्ट. बाई मूळच्या पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या. नवरा गेल्यावर शेती दिरावर सोपवून शहरातल्या घरात आल्या खऱ्या, पण येताना गोठा डोक्यात घेऊन आल्या. टेबलफॅन तापला की तो बंद करून म्हणायच्या, "दम खाऊ दे बिचाऱ्याले." शिलाई मशीन अडलं की त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आमच्या ह्यांनी जुनी फटफटी विकत आणली, त्या दिवशी बाईंनी तिला ओवाळलं, हँडलला घुंगरू बांधलं आणि पुढ्यात बादलीभर पाणी ठेवलं. फटफटीनं तोंड लावलं नाही. "नवीन हाये ना, लाजून राहिली," बाई म्हणाल्या.

या फटफटीवरून दोघांनी पचमढीला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. हे नुसते "बघू" म्हणाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि अकलेनं त्याहून बरीच लहान. पहाडातली वळणं, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली मी, डोळ्यांवर काळा गॉगल, पदर वाऱ्यावर, असं एक चित्र मी मनात रंगवलं होतं. त्या चित्रात धूळ नव्हती, पंक्चर नव्हतं आणि सासूबाईही नव्हत्या. प्रत्यक्षात सासूबाई कळमेश्वरला होत्या आणि त्यांच्या परवानगीशिवाय आमच्या घरातून वरातसुद्धा निघाली नसती. त्यांचा भरवसा एकट्या घरमालकीणबाईंवर. बाई "पाठवा" म्हणाल्या तर आम्ही जाणार, नाहीतर माझा गॉगल ट्रंकेत. (नात हे ऐकून विचारते, "आजी, तू इतकी बावळट होतीस?" होते ना!)

बाईंनी हो-नाही काही न म्हणता आख्खी सहलच ताब्यात घेतली. लग्नाआधी त्या गावच्या माणसांबरोबर पायी पचमढीच्या महादेवाला जाऊन आल्या होत्या. त्यामुळे रस्ता त्यांना तोंडपाठ, फक्त पायांच्या हिशेबानं. सौसरला भाकर खायची, रामाकोन्याला नदीत पाय भिजवायचे, पुढं एका चिंचेखाली मुक्काम करायचा. हे म्हणाले, "बाई, फटफटीनं आम्ही एका दिवसात पोचतो."

"तू पोचशीन गा बाबू, पन तिचं काय?" बाईंनी फटफटीकडे हात केला. "तिले रवंथ करू देशीन का नाई?"

त्यांना सगळ्यात मोठा घोर होता उलारचा. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की पुढची बाजू वर उचलली जाते, त्याला म्हणतात गाडी उलार झाली. "हे पोरगी मागं, पेटी मागं. घाटात गाडी उलार होईन अन् तुम्ही दोघं आभाळ पाहत बसान!" मग उपाय म्हणून हँडलला तुरीच्या डाळीची पिशवी बांधून त्यांनी ह्यांना हापिसात पाठवलं. पिशवी मी शिवलेली, म्हणजे उसवणार हे ठरलेलंच. हे सदरमधल्या हापिसापर्यंत डाळ पेरत गेले. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "घाटाची तयारी चाललीय, सर." तव्यासारख्या सपाट नागपुरात!

मग माझी परीक्षा सुरू झाली. पाचवारीत एका बाजूला बसणं बाईंना मंजूर नव्हतं. "भाजीच्या टोपलीवानी काहून बसून राहिली वं? लुगडं नेस अन् दोहीकडं पाय टाक." मी मॅट्रिक पास, गॉगलवाली, आणि कासोटा घालू? दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी बाईंचंच लुगडं नेसून बसले. फटफटी अंगणात स्टँडवर उभी, हे पुढं, मी मागं. वळणावर पहाडाच्या अंगाला वाकायचं, हे बाईंचं बैलगाडीतलं शास्त्र. पण अंगणात पहाड आणायचा कुठून? शेवटी बाई स्वतःच पहाड झाल्या. कमरेवर हात ठेवून त्या फटफटीभोवती फिरायच्या आणि ओरडायच्या, "मी पहाड हाये! इकडं वाक! आता इकडं आली, आता इकडं वाक वं!" शेजारीपाजारी कुंपणावर हनुवट्या टेकून बघत. तिसऱ्या फेरीला पहाड जरा भरभर चालला आणि मी कलंडले ती वाळत घातलेल्या लाल मिरच्यांमध्ये.

शिंकत, डोळे चोळत उठते आहे, तोच फाटक वाजलं. न कळवता सासूबाई दारात हजर.

"तिथं नोका उभ्या राहू!" बाई किंचाळल्या. "तिथं दरी हाये!"

सासूबाई दरीतच उभ्या राहिल्या. सगळा प्रकार ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "सपाट अंगनात, उभ्या गाडीवरून पडली. अन् इले मी पहाडात पाठवू?"

पचमढी तिथंच मिरच्यांत संपली. मी रडायला लागले, पण मिरचीच्या कृपेनं ते कुणाला कळलं नाही. बाईंना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "थांबा ताई. मी बसून पाहते. मले भेव वाटलं, तर नोका पाठवू." आणि पन्नाशी उलटलेल्या बाईंनी कासोटा आवळून सगळ्या आळीदेखत फटफटीवर टांग टाकली. "हाक गा बाबू!"

नागपुरात त्यातल्या त्यात चढ म्हणजे सेमिनरी हिल्सच्या टेकडीचा; तो चढून लगेच परतायचं होतं. इकडे सासूबाईंचा दोनदा चहा झाला तरी पत्ता नाही. आले तेव्हा बाईंचा पदर खांद्यावर आणि केस पिंजलेले. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"भेव वाटलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"पाठवा," एवढंच बोलून बाई आत गेल्या. ह्यांनी मला नंतर सांगितलं, की टेकडीवरून गाडी परत वळवली तेव्हा मागून आवाज आला होता, "वळवली काहून? रस्ता तं हाये अजून." तो चढ त्यांनी तीनदा चढायला लावला.

आम्ही गेलो. अंगावर लुगडं, डोळ्यांवर गॉगल, असं ते ध्यान होतं. तामियाच्या घाटात मी डोळे गच्च मिटून बसले, म्हणून ज्या पहाडांसाठी एवढं महाभारत घडलं, ते काही मी पाहिले नाहीत. ह्यांच्या शर्टाची पाठ मात्र मला अजून टाक्यांसकट आठवते. परत आल्यावर मला वाटलं, बाई महादेवाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "तोंडावर वारा कसा होता वं तिकडचा?" मी म्हटलं, "थंड." एवढ्या लांबून मी त्यांच्यासाठी एकच शब्द आणला होता.

त्यानंतर सकाळी ह्यांनी फटफटी काढली, की बाईंना चौकात काहीतरी काम निघायचं. "मले चौकापर्यंत सोड गा बाबू." टांग टाकून जायच्या आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातांनी, पदर डोक्यावर ओढत पायी परत यायच्या. काम कसलं, हे मी कधी विचारलं नाही. एवढी अक्कल तोवर आली होती.

पुढं ह्यांची बदली झाली. निघायच्या सकाळी सामान ट्रकमध्ये चढलं, फक्त फटफटी चढायची राहिली होती, आणि बाईंना चौकात काम निघालं. त्या दिवशी हे चौकात थांबले नाहीत, पुढं कुठवर गेले देव जाणे. ऊन वर आलं, ट्रकवाला कुरकुरायला लागला. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "बस रे बाबा जरा. बाई कामाला गेल्यात."