शिकारीच्या चित्रातला पिंजरा

मंडळी, या ग्रुपमध्ये माझी बायको नाही, म्हणून आधी इथे लिहितोय.

आज सकाळी अल् खुवैरच्या ऑफिसात मला बोलावून सांगितलं, व्हिसा कॅन्सल होतोय, महिन्याभरात देश सोडा. बारा वर्षं या परक्या देशात राबलो आणि वर मीच थँक यू म्हणून बाहेर आलो!

दुपारीच सीबला घरी पोचलो. लेकीला वाटलं, हाफ डे आहे. तिने खूश होऊन शाळेचा प्रोजेक्ट पुढ्यात टाकला. प्राचीन असिरियाच्या राजवाड्यात भिंतींवर कोरलेली सिंहाची शिकार. प्रिंटआउट कापून चार्टवर चिकटवायचं काम माझं.

एका चित्रात एक माणूस पिंजऱ्याचं दार वर उचलतोय आणि सिंह बाहेर येतोय. मी तिला सांगितलं, "राजाला शिकार करता यावी म्हणून सिंह पकडून आणायचे आणि मैदानात सोडायचे."

"पण पप्पा, डोर ओपन आहे ना? मग तो पळत का नाही?"

मी कडेने ढाली धरून उभे असलेले शिपाई दाखवले. मग रथातला राजा दाखवला, धनुष्य ताणलेला.

तिने सिंहावर बोट ठेवलं. "मग तो केजमध्येच बरा होता ना?"

माझी कात्री तिथेच थांबली. सेहेचाळिसाव्या वर्षी परत पुण्यात नोकरीसाठी मला दारात तरी कोण उभं करणार?

बायको आत चहा करतेय. तुमच्यापैकी कुणी ही बातमी घरी सांगितली असेल तर प्लीज लिहा, पहिलं वाक्य काय बोललात? चहा बाहेर यायच्या आत हवंय.