पडलेला फणस उभा दाखवणारं मशीन

पत्रक मीच लिहिलं होतं. ‘अफवा ऐकू नका, साहेबांचं ऐकू नका, मशीन काय म्हणतं ते बघा.’

कशेडीच्या अंगाला, पोलादपूरच्या वर आत्याची वाडी. वाडीवरच्या डोंगराला भेग पडली. तहसीलच्या साहेबांना अर्ज दिले, ‘पाहणी सुरू आहे’ एवढंच उत्तर. शेवटी आम्हीच भेगेच्या वरच्या आणि खालच्या दगडावर चुन्याचे ठिपके मारले, समोर कॅमेरा लावला. फोटो थेट महाडला माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मेमरीत यायचे, ग्राफिक्स कार्ड ठिपक्यांतलं अंतर मोजायचं आणि आकडा वाडीच्या ग्रुपवर जायचा. रोज एकच: बदल शून्य.

त्या दिवशी सकाळच्या एसटीने आत्या आली. ओली छत्री दाराशी ठेवली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

“हा फणस उभा कसा रे?”

“कुठला?”

“भेगेखालचा. काल दुपारीच आडवा झाला. मी सांगत्ये सगळ्यांना, शाळेत चला. तर म्हणतात, मशीन शून्य म्हणतंय, तू गप ऱ्हा.”

पहिली शिवी मी कॅमेऱ्याला घातली, दुसरी नेटवर्कला. दोन्ही फुकट. कॅमेरा ठीक होता, नवे फोटो येतही होते. पण मोजणारं आणि पडद्यावर दाखवणारंही कार्डच, आणि ते शिळा फोटो बघत होतं. कधीपासून, देव जाणे.

आत्याच्या दिरांना फोन लावला. वाडी त्यांच्या शब्दावर हलते.

“काका, मशीन चुकतंय. बाहेर पडा.”

“कालपर्यंत साहेब खोटे, आज मशीन खोटं? अफवा ऐकू नका म्हणून तूच छापलंस. आता तूच अफवा झालास की रे!” मागे कोणीतरी हसलं. “शून्य नाय तर किती, ते सांग. मग हलतो.”

म्हणजे आकडा हवा. बसलो.

मेमरीतल्या कुठल्या पानावर, म्हणजे कप्प्यात, काय आहे, याचा तक्ता कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांभाळतो. कार्ड दर वेळी तक्ता बघत नाही. एकदा बघितलेला पत्ता लक्षात ठेवतं. म्हणून पान हलवलं की तक्ता बदलायचा आणि कार्डाला बजावायचं, जुना पत्ता विसर. कार्ड भंगारातलं. ते चालावं म्हणून कर्नलमधला तो भाग मीच लिहिला होता. तक्ता बदलत होतो. कार्डाला सांगतच नव्हतो! नवा फोटो नव्या पानावर, आणि कार्ड जुन्या पानावरचा उभा फणस मोजत बसलेलं. एखाद्या साहेबाने हे केलं असतं, तर मी त्याच्या नावाने चौकात फलक लावला असता.

दुरुस्ती चार-पाच ओळींची. आधी जुनी नोंद पुसायची, मग विसरण्याचा हुकूम, कार्डाची पोच येईपर्यंत थांबायचं, मगच जुनं पान मोकळं करायचं. पण कर्नल पुन्हा बांधायला त्या खटाऱ्याला तास न् तास लागतात. दुपारी एमआयडीसीची पाळी सुटली, मोटरसायकली खोलीखालून गेल्या. पाऊस थांबत नव्हता. आत्याने चहाला हात लावला नाही.

“झालं?”

“नाही.”

“कोंबड्या कोंडून आल्ये मी.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं. फणस आडवा होता, मुळं आभाळाकडे. वरचा ठिपका दिसला. खाली आकड्याच्या जागी एक ओळ आली.

फोन लावला.

“किती?” काका म्हणाले.

“आकडा नाही, काका. खालचा ठिपका सापडतच नाही.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“गुरं सोडतो,” ते म्हणाले.

“कोंबड्यांचं सांग त्यांना!” आत्या मागून ओरडली.

अंधार पडायच्या आत वाडी शाळेत पोचली. डोंगर त्या दिवशी आला नाही, अजूनही आलेला नाही. साहेबांची पाहणी सुरूच आहे. आणि शाळेत कंटाळलेले काका रोज संध्याकाळी फोन करतात:

“काय म्हणतं रे तुझं मशीन? जाऊ परत?”