तांबड्या शाईतली वेल

एकोणीसशे साठच्या सुमाराला मी ताम्हिणीच्या शाळेत शिक्षक होतो. एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली होती. घरच्या सुनेने पुण्याच्या भावाकडून मनीप्लँटची फांदी आणली आणि पाण्याच्या बाटलीत घालून माझ्या खिडकीत ठेवली, कारण घरात उजेडाची खिडकी तेवढीच. माती नाही, खत नाही, तरी वेल वाढते, याचं सगळ्या आळीला नवल. ती दर सोमवारी पाणी बदलायची, ओल्या फडक्याने पानं पुसायची, आणि नवं पान फुटलं की मला दाखवायची.

मला मात्र वेगळंच कुतूहल. शाळेत तेरड्याचं रोप तांबड्या शाईच्या पाण्यात ठेवून देठातून रंग चढताना मी मुलांना दाखवला होता. या जाड पानात तो कुठवर जाईल? सून अडचणीची असली की तीन दिवस पडवीत बसे, आत येत नसे. तेच दिवस मी निवडले. शाईच्या दोन वड्या बाटलीत विरघळवल्या आणि येता-जाता पानांच्या शिरा न्याहाळत राहिलो. रंग काही चढेना. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडून लोंबली, मुळं बुळबुळीत झाली. घाबरून मी बाटली धुतली आणि साधं पाणी भरलं.

चौथ्या दिवशी न्हाऊन ती आत आली नि वेल बघून थबकली. मागोमाग सासू आली. विटाळशीचा हात लागला की झाड करपतं, हे त्या घरात पक्कं होतं.

"शिवलीस न्हवं?"

"न्हाई आत्याबाई. पडवी सोडली न्हाई म्या."

सासू माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी सांगा. आली हुती का ही हितं?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग वेल कशाने गेली, हे विचारलं असतं.

"मी दिवसभर शाळेत असतो," मी म्हणालो.

पडवीचं दार माझ्या खोलीत उघडायचं. म्हणून पुढच्या महिन्यापासून सुनेला गोठ्यात बसवू लागले. गोठ्याला नुसता कुडाचा आडोसा, आणि पाऊस ताम्हिणीचा. त्या घरात मी आणखी दोन वर्षं राहिलो. दर महिन्याला घोंगडी घेऊन ती तिकडे जाताना दिसे. मी बोललो नाही.

ती खोलीत आली नव्हती. वेल मी मारली. सासू आता नाही. सून नातवंडांत आहे असं कळतं. हे लिहिलेलं छापायच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल, ते म्हणो.