सहा पॉइंट पंचवीस

जिवली चौथी शिकली होती. मनोरच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेल्या सागपाड्यावर तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. म्हणून चौऱ्याऐंशी साली पाड्यावर अंगणवाडी आली तेव्हा सेविका म्हणून तिलाच नेमलं. पोरांना गाणी शिकवायची, सुकडी वाटायची आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पोराचं वजन करून वहीत लिहायचं. आढ्याला गोल काटा टांगलेला, त्याखाली झोळी, झोळीत पोर. पोर लाथा झाडायचं, काटा नाचायचा, आणि तो थांबेपर्यंत जिवली मान वर करून उभी.

तिला मोजता येत नव्हतं असं नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, अडीच हे सगळं तिने लहानपणी आईजवळ बसून, भात मापताना ऐकलेलं. पण वहीत ते चालत नव्हतं. वहीत टिंब हवं होतं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्यांनी घाईघाईत सांगितलं, "किलोचा आकडा लिहा, पुढे टिंब द्या, मग बारीक रेघा मोजून लिहा. काटा दोन रेघांच्या मधे थांबला तर आणखी एक पाच लिहा." जिवलीने ते पाठ केलं. टिंबाच्या पुढचं असतं काय, हे विचारायला तिने हात वर केला होता. पण बायका पिशव्या आवरायला लागल्या होत्या. तिने हात खाली घेतला.

भादव्यात तिने नवसीच्या पोराचं, मंगळ्याचं वजन केलं. सव्वा वर्षाचं पोर, हातपाय काटकीसारखे. वहीत लिहिलं, ६.५. पुढच्या महिन्यात काटा दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधे थांबला. तिने लिहिलं, ६.२५. मग मागचा आकडा पाहिला. मागं पाच, आता पंचवीस.

"वाढलाय गं पोरगा," ती नवसीला म्हणाली.

नवसी हसली. पोराला झोळीतून काढून तिने त्याचा मुका घेतला. "सुकडी खातो ना आता. लय खातो."

त्या महिन्यात पर्यवेक्षिका मंदाबाई आल्या. तेवीस पोरांची पानं भराभर उलटून त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "जिवली, पुढच्या वेळेपासून आलेख तूच काढायचास हं. वजन वर गेलं की रेघ वर, खाली आलं की खाली."

रेघ काढायची म्हणजे आकडे नीट कळायला हवेत. दिवाळी झाल्यावर जिवली वही घेऊन शाळेत गेली. कमलाकांत गुरुजी खाली माकुणसार गावचे, आठवडाभर पाड्यावर राहायचे. पोरं सुटल्यावर त्यांनी तिला फळ्यासमोर बसवलं.

"हे काय लिहिलंय?"

"सहा पॉइंट पाच."

"आणि हे?"

"सहा पॉइंट पंचवीस."

"मोठं कुठलं?"

"पंचवीस," जिवली म्हणाली. एवढं तर पहिलीतल्या पोरालाही येतं, असं तिला वाटलं.

गुरुजींनी मान हलवली. फळ्यावर एक लांब रेघ ओढून तिचे दहा भाग केले. "हा एक किलो. टिंबापुढचा पहिला आकडा म्हणजे यातले किती भाग. पाच भाग म्हणजे किती?"

"अर्धा."

"मग सहा पॉइंट पाच म्हणजे?"

"साडेसहा."

"आता दोन भाग, आणि पुढच्या भागाचा अर्धा. किती झाले?"

जिवलीने रेघेवर बोट फिरवलं. बोट अर्ध्याच्या अलीकडेच थांबलं. "पाव," ती म्हणाली. "सव्वासहा." आणि तिने वही जवळ ओढून ते दोन आकडे पुन्हा पाहिले.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "हुशार आहेस. काय झालं?"

"गुरुजी, मी त्या बाईला वाढलाय म्हणून सांगितलं."

वही तिथेच टाकून ती पाड्याच्या खालच्या टोकाला धावली. नवसीच्या झोपडीचं दार दोरीने बांधलेलं. शेजारची ठमी म्हणाली, "परवा गेली ना ती. वीटभट्टीवर. टरक आलता."

"कुठली भट्टी?"

"मला काय म्हायत? सगलीच गेली."

दुसऱ्या दिवशी जिवली वही घेऊन मनोरला चालत गेली आणि मंदाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मालकाचं नाव? गाव?" जिवलीला दोन्ही ठाऊक नव्हतं. खाडीकाठाला भट्ट्या शेकड्यांनी. मंदाबाई बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसल्या. "माझीही नजर चुकली गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडून मंगळ्याच्या नावापुढे लिहिलं, 'स्थलांतरित'.

हिवाळाभर जिवलीने मागे राहिलेल्या पोरांचे आलेख काढले. टिंब आता तिला अडवत नव्हतं. शंभर ग्रॅम घटले तरी तिला लगेच दिसायचं.

वैशाखात माणसं परतली. नवसी डोक्यावर गाठोडं घेऊन आली. कडेवर कुणी नव्हतं.

"थंडीत गेला," ती म्हणाली. "हगवण लागली. दोन दिस पण नाय काढले. तू बोललीस वाढलाय, म्हून मी बिनघोर व्हती."

जिवली म्हणाली, "वाढला नव्हता, नवसे. घटला व्हता. मला वाचता नाय आलं."

नवसीला राग आला असता तर बरं झालं असतं. "तू खरं बोलली असतीस तरी मी हितं राहून खाल्लं काय असतं?" ती म्हणाली, आणि गाठोडं सोडायला लागली. जिवलीने तिच्या हाताला हात लावला, तो तिने झटकला नाही, घेतलाही नाही.

पुढच्या दिवाळीआधी जिवलीने अकरा पोरांची वजनं घटलेली पाहिली. ती घरोघर गेली. कुणाचं किती घटलं ते पाव-अर्ध्यात सांगितलं, पोराला घेऊन जाऊ नका म्हणाली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कुणी वाद घातला नाही. दोन घरांनी आपापलं पोर म्हाताऱ्यांजवळ ठेवलं. बाकीची नऊ पोरं ट्रक आला तेव्हा आयांच्या कडेवर बसून निघाली. त्यातलं एक तिच्याकडे बघून हात हलवत होतं. नऊही जणांचे आकडे तिला तोंडपाठ होते.