सरांच्या व्हरांड्यातली पुस्तकं

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी, वसईला फ्रान्सिस सरांच्या व्हरांड्यात आम्ही चौघं जमतो. निसर्ग, प्राणी, विज्ञान यांवरचं एकेक पुस्तक सुचवायचं आणि मागेल त्याला घरी द्यायचं, एवढाच नियम. सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. कुंदाताईंची आगाशीला वाडी. मिलिंद गोखिवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर. मी शाळेत क्लार्क. पुस्तकातलं निम्मं आठवड्यात विसरायला होतं, पण पुस्तक घरी गेल्यावर काय झालं, ते मात्र साठतच जातं!

*

सापांच्या पुस्तकाच्या कव्हरवर फणा काढलेला नाग होता. कुंदाताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "हे घरात नको!" ताईंनी त्याला ब्राऊन पेपर घातला आणि वर लिहिलं, 'पाककृती'.

दोन दिवसांनी नवऱ्याने ते उघडलं. बराच वेळ पानं चाळली आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "आज घोणस का?"

*

मिलिंदने बेडकांवरचं पुस्तक नेलं. तो राहतो त्या बिल्डिंगमागे पूर्वी भातशेत होतं, आता भराव आहे. पुस्तक वाचल्यापासून त्याला बेडूक ऐकू येईनासे झाल्याचं फार लागून राहिलं.

एका संध्याकाळी त्याने वर्कशॉपमधून सरांना फोन लावला. "सर, ऐका!"

सरांनी कान देऊन ऐकलं. "मिलिंद, हे बेअरिंग वाजतंय. ग्रीस घाल."

"माहितीये सर. पण डोळे मिटून ऐका ना!"

सर म्हणतात, त्यांनी मिटले.

*

एकदा मी समुद्री जिवांचं पुस्तक रिक्षात विसरले. पंधरा दिवसांनी रिक्षावाले काका शाळेच्या गेटवर हजर! पुस्तकावरचा शाळेचा शिक्का बघून आले होते. वडील मच्छीमार होते, हे रिक्षा चालवतात.

"शेवटचा धडा ऱ्हायला होता, म्हनून उशीर झाला," ते म्हणाले. "पुस्तक चांगलं हाय, पन लिवनारा पान्यात कमी उतरलाय."

घरी येऊन बघते, तर माशांच्या चित्रांखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात त्यांनी घरची नावं लिहिलेली. सात माशांच्या नावाखाली आणखी दोन शब्द होते: 'बा असताना'.

ती पेन्सिल मी खोडलेली नाही.

*

कुंदाताईंची लेक कॅनडात. पक्ष्यांच्या स्थलांतरावरचं पुस्तक ताई तिला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायच्या. दहा पानं उरली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

"उरलेलं इथे येऊन ऐक."

"आई, हे ब्लॅकमेल आहे!"

"ब्लॅकमेल कसलं? एवढेएवढे पक्षी येतात दरवर्षी. त्यांना रजा कोण देतं?"

पलीकडे लेक हसली. पुस्तक अजून ताईंकडेच आहे. मागितलं तर नियमाने द्यावं लागेल, पण कुणी मागत नाही.

*

सरांनी स्वतः कधीच काही सुचवलं नव्हतं. यंदाच्या मार्चमध्ये मात्र त्यांनी एक जाड वही आणली. "ही माझ्याकडून," ते म्हणाले. "लेखिका, मोनिका."

मोनिका म्हणजे सरांची बायको, दोन वर्षांपूर्वी वारली. ती घरामागच्या वाडीत येणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवायची, हे सरांनाही तिचं कपाट आवरताना कळलं.

ते वाचू लागले. "बुलबुलाने पेरूवर घरटं केलं. फ्रान्सिसला सांगितलं." पान उलटलं. "भारद्वाज विहिरीवर आला. फ्रान्सिसला हाक मारली." मग आणखी एक. "तांबट सकाळपासून बोलतोय. फ्रान्सिसला म्हटलं, ऐक. तो म्हणाला, पेपर तपासून झाले की ऐकतो."

सर थांबले. आम्ही कुणी वर बघितलं नाही. बाहेर उंबरावर मघापासून टुक, टुक, टुक चालू होतं.

"कुंदाताई," सरांनी विचारलं. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस! "तांबट म्हणजे... हाच का?"

ताईंनी नुसती मान डोलावली.

सरांनी आपली खुर्ची उचलली, अंगणात नेली, उंबराखाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. पक्षी केव्हाच उडाला होता. सर उठले नाहीत.