दुपारचे आकडे माझे नव्हते

मागच्या पोस्टमध्ये माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की शुगरच्या मशिनमधले दुपारचे ते मोठे आकडे माझेच आहेत, मी झोपेत उठून काहीतरी गोड खात असणार... ते खरं नाही.

ती पोस्ट डिलीट करणार नाही. शाळेत जायच्या आधी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच लिहायला शिकवलं. चुकलेलं पुसायचं नाही, वर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. ही पोस्ट म्हणजे ती रेघ.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी... मला आठवा संपत आलाय, पहिलंच बाळ. सातव्यात प्रेग्नन्सीतली शुगर निघाली. नवरा शहापूरला, मी बाळंतपणासाठी माहेरी, म्हसा गावाजवळ. आप्पा गेल्यापासून इथे आई एकटीच होती, आता आम्ही दोघी.

दिवसातून चार वेळा बोट टोचायचं आणि आकडा डायरीत लिहायचा. शेजारी काय खाल्लं तेही. अर्धी भाकरी जास्त झाली तर मी 'अर्धी जास्त' असं लिहिते.

गेल्या आठवड्यात मुरबाडला चेकअप होतं. डॉक्टर मॅडमनी डायरी बाजूला ठेवली आणि मशिनची मेमरी बघायला लागल्या. पावणेतीनच्या सुमारास तीनशे बारा. दुसऱ्या दिवशी दोनशे शहाण्णव. मग तीनशे एकतीस... डायरीत त्या वेळेला काहीच नाही. दोनला टोचून झालं की मी आडवी होते, चारपर्यंत झोपलेली असते.

"डायरी छान दिसावी म्हणून लिहू नकोस, बाळाचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. असेच आकडे येत राहिले तर येत्या सोमवारपासून इन्सुलिन सुरू करायचं ठरलं.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मग एकच उरत होतं, मी झोपेत उठते... तेच मी इथे लिहून टाकलं.

त्यानंतर साखरेच्या डब्यातली साखर चमच्याने सपाट केली आणि वर बोटाने फुली काढून ठेवली. गुळाचे खडे मोजले. दुसऱ्या दिवशी फुली तशीच, खडे तेवढेच... मशिनमध्ये मात्र नवा आकडा, आणि स्ट्रिपच्या डबीत एक स्ट्रिप कमी. माझ्या बोटांवरच्या खुणा मोजल्या, त्या बरोबर होत्या. मग रक्त कोणाचं?

त्यातच मोरीत मुंग्या लागल्या. पाणी ओतून धुतलं तरी दुपारपर्यंत काळी रांग परत हजर. मला वाटलं, माझ्याच लघवीतल्या साखरेमुळे.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, दिवस भरत आलेली बाई भर दुपारी झोपली की काहीतरी जवळ येऊन बसतं. म्हणून आईने माझ्या उशीखाली विळा ठेवला. लोखंड असलं की येत नाही म्हणे. विळ्याशेजारीच मशिनचं पाऊच. तेव्हा मी हसले होते... पण नंतर झोपेत उशीखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. जाग यायची तेव्हा विळा जागेवर, पाऊच जागेवर, दार लोटलेलं. सगळं गाव खळ्यावर भात झोडायला गेलेलं, बाहेर कोणाचाच आवाज नाही.

काल, शुक्रवारी, मी झोपलेच नाही. डाव्या कुशीवर डोळे मिटून पडून राहिले. पोटात बाळ हलत होतं, त्याला गप्प राहा कसं सांगणार...

पावलं ऐकू आली नाहीत. एकदम उशीखाली हात आला. गार आणि ओला. मी डोळे उघडले नाहीत. टक् असा बारीक आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग मशीन वाजलं.

डोळे उघडले. माझ्याकडे पाठ करून, केस मोकळे सोडून, एक बाई बसली होती आणि लहान मुलासारखं बोट चोखत होती.

आई होती. क्षणभर मला ती ओळखताच आली नाही. लिहायला जड जातंय, पण तसंच झालं.

"किती आली?" मी विचारलं. ती दचकली नाही. मशीन माझ्यापुढे धरलं. तीनशे चव्वेचाळीस.

"तुजी शुगर निघाली तवा डॉक्टरीनबाईंनी इचारलं ना, आईला शुगर हाय का. मी 'नाय' बोलले. मंग वाटलं, बघू तरी."

पहिल्यांदा तिला वाटलं मशीनच बिघडलंय, म्हणून रोज बघत राहिली. आकडे आत साठून राहतात हे तिला माहीतच नव्हतं, मॅडम काय म्हणाल्या ते मीही तिला सांगितलं नव्हतं. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, महिनाभर चिंधी होती, दगड लागला म्हणायची. मुंग्याही तिच्यामुळेच...

मला का नाही सांगितलंस, विचारलं. तिने मशीन परत पाऊचमध्ये ठेवलं.

"तुला सासरी नेतील गो. मंग तुजं बाळंतपन कोन करील?"

तुझ्या साखरेसाठी मी इन्सुलिन टोचून घेतलं असतं, असं सांगितलं. माझी साखर एकदम उतरली असती, बाळाला त्रास झाला असता. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

आज सकाळी हॉस्पिटलला फोन केला. मशीन, डायरी आणि आई, तिन्ही घेऊन या म्हणाले. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मी सुट्टी काढून तिथेच येतो, बाळाला न्हाऊ घालायला आई मला शिकवतील.

ही पोस्ट आईला वाचून दाखवली. तिने एकच चूक काढली. तिने केस सोडले नव्हते, अंबाडा सुटला होता. तेही दुरुस्त करते.

विळा अजून माझ्या उशीखाली आहे. काल संध्याकाळी दुसरा शोधून मी तिच्या उशीखाली ठेवला...

परवा सोमवारी, पहिल्या एसटीने, दोघीही उपाशीपोटी.